धूसर दिसतंय

शनी संध्याकाळच्या आकाशात वर यायला लागला की माझा फोन वाजू लागतो. ठाण्यातल्या ओळखीपाळखीच्या लोकांत माझी ‘दुर्बीणवाले’ म्हणून थोडी बदनामी झालेली आहे. दिवाळीच्या बोनसमधून ज्याने कोणी मुलांसाठी (म्हणजे स्वतःसाठी) दुर्बीण आणली असेल, तो रात्री साडेनऊला फोन करतो. तक्रार दोन शब्दांची असते : “धूसर दिसतंय.” आणि लगेच पुढचं वाक्य, “डब्यावर तर केवढं स्वच्छ होतं!”

सगळ्या दुःखाचं मूळ तो डबा आहे. त्यावरचं शनीचं चित्र बहुधा शनीच्या शेजारी जाऊन आलेल्या यानाने काढलेलं असतं आणि खाली ठळक अक्षरांत ‘525 पट’ असं छापलेलं असतं. आकडा खोटा नसतो, हेच त्यातलं कसब. दुर्बिणीचं नाभीय अंतर 700 मिलिमीटर, सोबतच्या सगळ्यांत लहान आयपीसचं 4 मिलिमीटर, भागाकार 175. त्याला तीनपट बार्लो भिंग जोडलं की झाले 525. गणित चोख आहे, फक्त ते करताना आरशाला कोणी विचारलेलं नाही. आरसा बिचारा 76 मिलिमीटरचा. त्याला व्यासाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दोनपट झेपतं. म्हणजे दीडशेच्या पुढे जे काही मोठं होतं, ते धूसरपणच.

म्हणून मी गेल्या गेल्या बार्लो काढून खिशात टाकतो आणि 20 मिलिमीटरचा आयपीस लावतो. 35 पट. घरात सुतकी शांतता पसरते. “गॅलिलिओने 1610 मध्ये गुरूचे चार चंद्र शोधले, तेव्हा त्याची दुर्बीण जेमतेम वीसपट होती,” मी समजावतो. यावर एका गृहस्थांनी दिलेलं उत्तर मला अजून खोडता आलेलं नाही. ते म्हणाले, “त्याला 525 वाली मिळत नव्हती ना!”

घोडबंदर रोडवरचे एक निवृत्त सर चौदाव्या मजल्यावरून बंद काचेआडून गुरू बघत होते. खिडकी उघडली की डास येतात, हे त्यांचं कारण. आणि ठाण्यात राहून त्यावर वाद घालायचा नसतो. “काच सकाळीच पुसलीय,” सर म्हणाले. पण खिडकीची काच कितीही पुसली तरी ती दुर्बिणीच्या भिंगासारखी घासूनपुसून घडवलेली नसते. नुसत्या डोळ्यांना न जाणवणारे तिचे चढउतार दुर्बीण मोठे करून दाखवते. खिडकी उघडली, तर गुरू उकळायला लागला. खोलीतली ऊबदार हवा आणि बाहेरची गार हवा नेमकी त्याच खिडकीत एकमेकींना भेटत होत्या. शिवाय खालच्या मजल्यावरच्या एसीचं बाहेरचं धूड अगदी गुरूच्या खाली. राहता राहिली गच्ची. गच्चीची किल्ली वॉचमनकडे, वॉचमन सेक्रेटरींना विचारल्याशिवाय देणार नाही आणि सेक्रेटरींना सगळं लेखी लागतं. “कारण काय लिहू?” सरांनी विचारलं. मी म्हटलं, “गुरुदर्शन लिहा.” अर्ज मंजूर होऊन आला तेव्हा त्यावर सेक्रेटरींनी ‘आम्हीही सहकुटुंब’ असा शेरा मारला होता.

गच्चीवर निदान करणारे वाढतात. एक म्हणतो, भिंग चायनाचं आहे. (ते बहुधा असतंच, पण गुन्हा त्याचा नसतो.) दुसरा प्रदूषणावर बोलू लागतो. काका चष्मा काढून बघतात, त्यांची मुलगी चष्म्यासकट बघते. प्रत्येक जण आल्या आल्या फोकसची चावी फिरवून दुर्बीण आपल्या डोळ्यापुरती नीट करून घेतो, “चांगलं दिसतंय की” म्हणतो आणि पुढच्याच्या हाती धूसर आकाश सोपवून जातो. फोकस पारच सुटला तर ताऱ्याचा मेदूवडा होतो. मधलं भोक म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवलेल्या छोट्या आरशाची सावली. ते मधोमध असेल तर निर्धास्त राहावं. एका कडेला सरकलं असेल, तर घरातल्या कोणीतरी नळीच्या बुडाशी असलेले तीन स्क्रू ‘सैल वाटले’ म्हणून पिळले आहेत, असं समजावं. त्या कोणीतरीचं नाव कधीच कळत नाही.

स्क्रूवाल्या घरातलं वातावरण फार तापलं, तर मी हबलची गोष्ट सांगतो. 1990 मध्ये अवकाशात सोडलेल्या त्या दुर्बिणीचा 2.4 मीटरचा आरसा कडेला 2.2 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याएवढा, जास्त घासला गेला होता. नासाकडेही तक्रार तीच : धूसर दिसतंय. 1993 च्या डिसेंबरात अंतराळवीरांना वर जाऊन ती दुरुस्त करावी लागली. थोडक्यात, घरी जाऊनच बघावं लागतं, फोनवर कळत नाही.

एवढं सगळं केल्यावरही सरांचा गुरू हलतच होता. एसीच्या खोलीतून काढलेली दुर्बीण अर्धा तास तरी बाहेर ठेवावी लागते, नाहीतर नळीतलीच हवा नाचते. गच्चीचा स्लॅब दिवसभर खाल्लेलं ऊन रात्री परत करत असतो. आणि त्याच्यावर उरलेलं सगळं वातावरण. तारे लुकलुकतात ती रात्र कवींना मोठी सोयीची, दुर्बीणवाल्याने मात्र अंथरूण गाठावं. डोंगरमाथ्यावरची स्थिर हवा गाठा, असं न्यूटनने 1704 मध्येच लिहून ठेवलंय. आपल्या देशाची दोन मीटरची दुर्बीण म्हणूनच लडाखमध्ये हानलेला, साडेचार हजार मीटर उंचीवर नेऊन ठेवलेली आहे. सरांनी हे सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाले, “तिथे डासही नसतील.”

शनी लावला तर सरांच्या आई बघायला तयार होईनात. साडेसातीचं काय? शेवटी त्यांनीच तोडगा काढला, “त्याने आपल्याकडे बघायचं नसतं. आपण बघितलं तर चालत असेल.”

2025 च्या नोव्हेंबरात मात्र माझी पंचाईत झाली. एका नव्या दुर्बिणीचं सगळं जमून आलं होतं. नळी गार, बार्लो माझ्या खिशात, हवा स्थिर, शनी अगदी रेखीव. मालकांनी डोळा लावला आणि विचारलं, “कडी कुठेयत?” कडी त्या वर्षी आपल्याकडे धार करून उभी होती, असलीच तर एक पुसटशी रेघ. साधारण पंधरा वर्षांनी शनी हा खेळ करतो. 1612 मध्ये त्याने गॅलिलिओलाही असंच गोंधळात टाकलं होतं, हे मी सविस्तर सांगितलं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे,” ते म्हणाले, “हे वॉरंटीत बसत नाही.”