कोपऱ्यातली खिडकी

घर बांधायला काढलं की कोपऱ्यातल्या खिडकीचा झटका एकदा येतोच. मोबाइलवर फोटो तयार असतो: काचेला काच भिडलेली, मध्ये खांब नाही, पलीकडे हिरवीगार दरी. आपल्या पलीकडे शेजाऱ्यांची काळी टाकी आणि वाळत घातलेले टॉवेल.

1924 साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला वास्तुकार रीटफेल्ट यांनी श्रोडर हाउसमध्ये अशी खिडकी केली, की तावदानं उघडली की घराचा कोपराच गायब! तिथे उन्हाचं अप्रूप. आपल्याकडे उन्हापासून लपायला घर.

इंजिनिअर सांगतो, ‘कॉलम आत घ्यावा लागेल, बीम कॅन्टिलिव्हर होईल, सळई वाढेल.’ आपण म्हणतो, ‘वाढू द्या.’ वास्तुवाले म्हणतात, ‘नैर्ऋत्य बंद ठेवा.’ मोकळा कोपरा नेमका तोच.

तरी खिडकी होते. मग चोरांसाठी ग्रिल, डासांसाठी जाळी, उन्हासाठी जाड पडदे. रॉड काटकोनात वळत नाही, म्हणून दोन रॉड आणि मध्ये उन्हाची एक फट, थेट टीव्हीवर.

तेव्हा डिझाइन ठरवण्याआधी एप्रिलच्या दुपारी तीन वाजता प्लॉटच्या त्या कोपऱ्यात पाच मिनिटं उभे राहा. टोपी न घालता.