पाण्यात नसलेला मासा

दिवाळीचे कंदील उतरले की वसईत दोन गोष्टी कपाटातून बाहेर येतात. एक स्वेटर आणि दुसरे ट्राउटराव. स्वेटर विरार फास्टमध्ये बोरिवली यायच्या आत नकोसा होतो. ट्राउटराव होळीपर्यंत टिकतात.

ट्राउटराव हे कुणा एकाचं नाव नव्हे. नालासोपाऱ्यापासून नायगावपर्यंत चार-दोन सोसायट्या मिळून एक तरी सापडतोच. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी बँकेतली किंवा विम्यातली, मुलगा परदेशी. त्या मुलाने कधीतरी वाढदिवसाला फ्लाय फिशिंगचा रॉड पाठवलेला असतो. बापाने ब्लड प्रेशरचं मशीन मागितलं होतं, हे नंतर दोघेही विसरतात.

आता माशांच्या बाबतीत आमची वसई काही दुष्काळी नाही. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव असे एकाहून एक कोळीवाडे. खाडीत पाग टाकणारे आहेत, तलावाच्या कठड्यावर कणकेची गोळी लावून गळ सोडून बसणारे आहेत, भरतीची वेळ तोंडपाठ असलेली शाळकरी पोरं आहेत. पण यांच्यातला कुणी दिसला की ट्राउटराव मान दुसरीकडे वळवतात. "ते मासे मारतात," ते म्हणतात, "मी अँगलिंग करतो." पवईच्या तलावावर अँगलिंगवाल्यांची जुनी संस्था आहे, तिथे का नाही जात, असं मी एकदा सुचवलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी एखाद्या ख्यालगायकाला लग्नाच्या बँडमध्ये जागा रिकामी असल्याचं कळवलं होतं.

त्यांना हवा ट्राउट. तोही थंडीतला, तोही संथ पाण्यातला. धुकं, निळं तळं, काठावर देवदार आणि मध्ये छातीपर्यंत पाण्यात उभे ट्राउटराव, हे चित्र त्यांच्या मोबाइलवर आहे. त्यातला माणूस मात्र कुणी स्कॉटिश आहे.

अडचण एकच. ट्राउटला थंड पाणी लागतं. दहा ते सोळा अंशांत तो खूश असतो, वीस ओलांडले की कासावीस होतो आणि पंचवीसच्या आसपास रामराम म्हणतो. मुंबईच्या हवेचा नीचांक सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदला गेला, ७.४ अंश. ही तारीख ट्राउटराव जयंतीसारखी लक्षात ठेवून आहेत. त्या दिवशी आपल्याकडे रॉड नव्हता, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी चुटपूट. बाकी आमच्या भागात पाणी आणि तापमान यांचा संबंध जोडला की लोकांना आठवते वज्रेश्वरी. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर नवस फेडायला बांधलेलं देऊळ तिथे आहे आणि शेजारी अकलोली-गणेशपुरीचे झरे आहेत. गरम पाण्याचे.

पण माणूस एवढ्याने खचत नाही. मासा नसला तरी तयारी असतेच. साध्या गळाला आमिषाचं वजन असतं, ते भिरकावलं की दोरा मागोमाग जातो. फ्लाय फिशिंगमध्ये उलटा कारभार. आमिष म्हणजे कोंबड्याच्या मानेचं पीस, मोरपिसाचा तंतू आणि रेशमी धागा यांचा नखाएवढा किडा. त्याला वजनच नाही. म्हणून वजनदार दोरीच फेकायची आणि तिच्या शेपटाला किड्याने आपला निमूट जायचं. दोरी पुढे जायला आधी तेवढीच मागे जावी लागते. स्कॉटलंडमध्ये माणसाच्या मागे मोकळं कुरण असतं. वसईत नारळ असतो, केळीची बाग असते, कपडे धुणारी बाई असते आणि "काका, काय गावलं?" विचारणारा एक गृहस्थ तर कायमच असतो.

शेवटी सरावासाठी त्यांनी अर्नाळ्याचा किनारा निवडला. तिथे थंडीत बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून, रांगेने. ट्राउटरावांनी दोरी मागे नेली, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मधोमध मनगट थांबवलं, पुढे झटका दिला आणि दोरी आली नाही. आयुष्यात फ्लायला लागलेला पहिला मासा सुका बोंबील होता. 'पकडा आणि सोडा' या तत्त्वाला जागून त्यांनी तो हळुवार सोडवला आणि पुन्हा बांबूवर लटकवला. मांडवाच्या मालकिणीने मात्र गळ टोचलेल्या बोंबलाचे पैसे घेतले. तिचं तत्त्व वेगळं होतं.

रात्री किडे बांधायचं काम चालतं. थंडीतल्या तळ्यात ट्राउटचं मोठं खाणं म्हणजे चिरोनोमिड, डासाच्या तोंडवळ्याचा पण न चावणारा एक कीटक, आणि तळच्या चिखलातली त्याची लालभडक अळी. हुबेहूब तसा किडा बांधायचा तर समोर नमुना हवा. त्या बाबतीत मात्र विरार स्कॉटलंडच्या पुष्कळ पुढे आहे. संध्याकाळी खिडकी उघडी ठेवली की नमुने आपण होऊन टेबलावर येऊन बसतात, वर चावतातही. ट्राउटराव भिंग डोळ्याला लावून पंखांचा कोन निरखत असतात, तेवढ्यात वहिनी बॅटरीची रॅकेट घेऊन येतात आणि चट्‌ असा आवाज होतो.

"अहो, तुमच्या अंगावरच बसला होता!"

"तो काम करत होता," ट्राउटराव म्हणतात.

या छंदाला आपल्याकडे परंपरा नाही, असं कुणी म्हणू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. राजाने मन कसं रमवावं हे सांगताना त्यात मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचा चारा, गळ, दोरी, सगळं त्यात आहे. ट्राउटराव हे ऐकून हरखले. मला राजाचा हेवा वाटतो तो वेगळ्या कारणासाठी. तो रिकाम्या हाताने परतला, तर दारात "आता भाजी काय करू?" असं विचारणारं कुणी नसेल.

खऱ्या ट्राउटकडे जायचा बेत दरवर्षी ठरतो. नाताळच्या आठवड्यात हिमाचल, तीर्थन खोरं. रजा मंजूर होते, लोकरीचे मोजे येतात आणि मग कळतं, की तिथे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते, कारण तो त्यांचा विणीचा हंगाम. मग उन्हाळ्यात जा. उन्हाळ्यात बर्फ वितळून नद्या गढूळ होतात म्हणे. पावसाळ्यात दरडी. ऑक्टोबरात दिवाळीची साफसफाई. मला तर वाटतं, उद्या हिमाचल सरकारने ही बंदी उठवली, तर सर्वांत आधी निषेध ट्राउटरावच नोंदवतील.

म्हणून गेल्या डिसेंबरात 'विंटर गेटवे' ठरला तो वाड्याला. मित्राचं फार्महाऊस, तिथे शेततळं. संथ पाणी म्हणावं तर याहून संथ काय असणार? पहाटे धुकंही पडलं. ट्राउटराव छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवून, टोपीत सात-आठ किडे खोचून पाण्यात उतरले. शेततळ्याच्या उताराला प्लास्टिकचा कागद असतो आणि त्यावर शेवाळ असतं, ही माहिती स्कॉटिश व्हिडिओत नसते. पुढचं सगळं फार भराभर झालं. राखणदाराने विहिरीचा दोर टाकला, आम्ही तिघांनी ओढला. त्या सहलीत तळ्यातून निघालेला सर्वांत वजनदार जीव ट्राउटरावच होते. विजारीतलं पाणी ओतल्यावर ते पहिलं वाक्य बोलले, "पाणी चोवीस अंश असावं."

मग काठावरूनच त्यांनी दोरी फेकली आणि काय आश्चर्य, मासा लागला. तळहाताएवढा तिलापिया. ट्राउटरावांचा चेहरा पडला. "उपरा मासा," ते पुटपुटले, "आफ्रिकेचा. १९५२ साली आणला आणि सगळी तळी बाटवली." हे खरंच आहे. पण त्यांचा लाडका ट्राउटही १९०० साली स्कॉटलंडहूनच काश्मीरला आला, आणि त्याआधीची खेप वाटेतच मेली, हेही त्यांनीच मला सांगितलं होतं. पाहुण्यापाहुण्यांत आपण असा फरक करतोच, त्यात ट्राउटरावांचा वेगळा दोष काय? तिलापियाला त्यांनी दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, श्वास सावरू दिला, सोडलं. राखणदार हे सगळं बघत होता. त्याने दुपारच्या रश्शासाठी मसाला वाटायला सांगून ठेवला होता.

परतताना वहिनींचा फोन आला. रविवार होता आणि बेताबद्दल त्यांचा भ्रम केव्हाच फिटला होता. "बाजारावरून या. पापलेट आणा. आणि कोलंबी."

वसईच्या बाजारात ट्राउटराव टोपीतल्या किड्यांसकट पाटीसमोर उभे राहिले. मावशीने दोन पापलेटं उचलून कल्ले उघडून दाखवले. ट्राउटरावांनी शेपटी निरखली, खवल्यांवर बोट फिरवलं आणि विचारलं, "मावशी, हे गळाने धरलेत की जाळ्याने?"

मावशीने आधी टोपीकडे पाहिलं, मग ओल्या चपलांकडे.

"भाऊ," ती म्हणाली, "गलानं धरत बसले असते तं बाजार उद्या भरला असता. कापून देऊ, का तुमी सोरनार हाव?"