चिरंजीव गाडीखाली गेले त्याची हकीकत

क्लीव्हलँड, ओहायो

ती. बाबा व ती. आई यांना,


फोनवर तुमच्या चिरंजीवांनी ‘गाडीचं किरकोळ काम होतं, घरीच केलं’ एवढंच सांगितलं असेल. त्या किरकोळ कामाची साद्यंत हकीकत तुम्हाला कळायलाच हवी. बाबा, तुमची हयात एसटीच्या वर्कशॉपात गेली, नटबोल्टांची कदर तुम्हालाच. फोनवर मला सांगता येत नाही, कारण चिरंजीव शेजारी बसून दुरुस्त्या सुचवतात.

झालं असं, की डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी ठणठणीत चालत होती. ना धूर, ना खडखड. पण आमच्या भागात दर दोन वर्षांनी ई-चेक नावाची तपासणी असते, आपल्या पीयूसीसारखीच, फक्त स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर जोडतात आणि गाडीलाच विचारतात, बाई, तुझं काय दुखतंय? १९९६ पासून इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला तसलं सॉकेट असावंच लागतं. दिवा पेटलेला असला की गाडी नापास, आणि नापास गाडीची नोंदणी अडते. आमची गाडी म्हणाली, पी०१४१. म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागे जो ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याच्या पोटातला हीटर बिघडला.

तुमच्या वेळच्या गाड्यांना ही भानगड नव्हती. सायलेन्सरच्या नळीत डोकं खुपसून धुरात प्राणवायू किती उरला ते हुंगत बसायचं, एवढंच या सेन्सरचं काम. तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय त्याला धड वास येत नाही, म्हणून आत हीटर. बॉश कंपनीने हा सेन्सर काढला आणि १९७६ साली, तेव्हा हीटरशिवाय, पहिल्यांदा बसला तो व्होल्व्होच्या मोटारीत. शिवनेरीमुळे व्होल्व्हो तुम्हाला घरचीच, तेव्हा ओळख निघाली म्हणायची.

गॅरेजवाल्याने सेन्सर आणि मजुरी मिळून जो आकडा सांगितला, तो ऐकून चिरंजीव तडक घरी आले. ‘आटे फिरवून जुना काढायचा, आटे फिरवून नवा लावायचा. बाबा डोळे मिटून करतील.’ बाबा करतील याविषयी मला शंका नव्हतीच.

पण बाबा, तुमच्या डेपोत मीठ फक्त जेवणाच्या डब्यात असायचं. इथे हिवाळाभर ते रस्त्यावर ओततात, बर्फ वितळावा म्हणून. ते शोधायला लांब जावंही लागत नाही. ईरी सरोवराच्या खाली सुमारे १८०० फुटांवर मिठाची भलीमोठी खाण आहे. मिठाचं पाणी खालून उडतं, नळी तापते, निवते, पुन्हा भिजते. अशा कित्येक हिवाळ्यांनंतर सेन्सर कुठे संपतो आणि नळीवरची कडी कुठे सुरू होते, हे डोळ्यांना दिसेनासं होतं.

शनिवारी सकाळी गाडी स्टँडवर चढली आणि चिरंजीव खाली गेले. इथल्या सुट्या भागांच्या दुकानात अनामत ठेवली की हत्यारं वापरायला मिळतात, तशी गोटी पान्याची २२ मिलिमीटरची गोटी आणली होती. सेन्सरला शेपटीसारखी वायर असते, ती बाहेर यावी म्हणून या गोटीला एका बाजूने चीर पाडलेली असते. गोम तिथेच आहे. जोर लावला की चीर फाकते आणि गोटी नटाचे कोपरे खाते. चिरंजीवांनी जोर लावला. गोटीने तोंड वासलं. मग तेल फवारून वाट बघणं, पुन्हा जोर, पुन्हा तेल. आईंनी दिलेला पंचा त्यात कामी आला. धाकटी अधूनमधून वाकून ‘बाबा, निघालं का?’ विचारत होती, आणि तिला खालून जे उत्तर मिळायचं ते ऐकू जाऊ नये म्हणून मी रेडिओ मोठा केला.

दुपारी शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. माणूस जन्मभर पोलादाच्या कारखान्यात राबलेला. गाडीखालचे पाय त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारलं, ‘नवा सेन्सर आणलायस ना? मग जुन्याची वायर कशासाठी जपतोस?’ आणि खटकन पक्कड लावून वायर तोडली. चिरंजीव कळवळले, पण आता चिरेची गरजच उरली नाही, आजोबांची सहा कोनी, जाड, अख्खी गोटी वरून चपखल बसली. मग गॅसची टॉर्च आली. आधी फवारलेलं तेल पुसून काढलं, कारण ते पेट घेतं. मला पाण्याचा पाइप धरून बंबवाली म्हणून उभं केलं. ज्योत सेन्सरला लावायची नाही, त्याच्या भोवतालच्या कडीला लावायची. कडी तापून फुगते, आतली पकड सुटते. लांब दांड्यावर आणखी लांब नळी चढवून दोघं झुलले, आणि कर्रर्र असा आवाज आला की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

अर्धा आटा सुटला. चिरंजीव विजयी मुद्रेने पुढे फिरवायला निघाले, तर आजोबांनी हात धरला. थोडा सोडायचा, थोडा परत आवळायचा, निवल्यावर तेल, पुन्हा थोडा सोडायचा. नाहीतर गंजाचा चुरा अडकून कडीचे आटेच सोलून निघतात. तुम्हीही हेच सांगितलं असतंत, मध्ये एखादी शिवी घालून. शेवटी तो हातात आला तेव्हा अंगठ्याएवढा ऐवज: आट्यांत तपकिरी भुगा, टोकाला भोकंभोकं असलेली राखाडी टोपी. एवढ्यासाठी अख्खा शनिवार!

मग कडीत १८ मिलिमीटरचा टॅप फिरवून आटे साफ केले आणि नवा सेन्सर आधी नुसत्या बोटांनी फिरवत बसवला. त्याच्या आट्यांना जाम होऊ नये म्हणून लेप कारखान्यातूनच लावलेला असतो. तो टोकाला लागू द्यायचा नाही, लागला तर नाक कायमचं चोंदतं.

दिवा गेला, पण सुटका नाही. कोड पुसला की गाडीचा संगणक आधीची सगळी तपासणी विसरतो, आणि थोडे दिवस हायवेवर, गावात फिरवून ती पुरी करून दिल्याशिवाय ई-चेकवाले गाडी पास करत नाहीत. त्या निमित्ताने पार्मातल्या शिव-विष्णू मंदिरात दोनदा दर्शन झालं. आईंना सांगा, इतकी भक्ती इथे आल्यापासून घडली नव्हती. गाडी पास झाली.

खर्चाचं विचाराल तर सेन्सर, टॉर्च, टॅप, दांडा आणि फाकलेल्या गोटीपायी बुडालेली अनामत धरून आकडा गॅरेजवाल्याच्या पुढेच गेला. चिरंजीव म्हणतात, हत्यारं ही गुंतवणूक आहे.

आता मुद्द्याचं. गाडीला असाच दुसरा सेन्सर आहे, इंजिनाजवळ, आणि तो उत्तम चालतोय. ‘त्याचंही वय झालंय, लगे हाथ बदलून टाकू’ असं चाललंय. तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत, तेव्हा फोनवर खडसावून सांगा. कृपा करून शाबासकी मात्र देऊ नका. दिलीत तर येत्या शनिवारी गाडी पुन्हा स्टँडवर चढेल.

आईंचं मेतकूट पोचलं. पंचा नवा पाठवू नये.

तुमची,
सूनबाई

ता. क. : शेजारच्या आजोबांबद्दल मी लिहिलंय हे बोलू नका. मराठी मंडळात चिरंजीव ही गोष्ट रंगवून सांगतात, त्यातून आजोबा हल्ली गळले आहेत.