थेंबवाले काका

सकाळी दूध यायच्या आधी सोसायटीच्या आवारात कुणी गुडघे टेकून मारुती आठशेच्या पोटाखाली डोकं घातलेलं दिसलं, तर आमच्या मानखुर्दात कुणी धावत जात नाही. ते काका असतात. पुठ्ठा तपासत असतात.

रात्री इंजिनाखाली पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी थेंब मोजायचे, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा नेम. थेंब दोन बोटांत चोळायचा, हुंगायचा. काळपट म्हणजे इंजिन ऑईल, हिरवट म्हणजे कूलंट, नाक मुरडायला लावणारा म्हणजे गिअर ऑईल. पुठ्ठ्यावर तारीख घालून तो माळ्यावर जातो. काकूंनी एकदा त्यातले काही भंगारवाल्याला दिले, त्यावरून घरात जे झालं ते इथे सांगण्यासारखं नाही.

गाडी जुनी, हे खरं. मारुती आठशे 1983 साली आली आणि कंपनीने 2014 मध्ये ती बनवणं थांबवलं. काकांना अजून तसं कळवलेलं नाही.

तर यंदा थेंब टायमिंग कव्हरच्या खाली पडू लागला आणि काकांनी निकाल दिला: कॅमशाफ्टचं सील. म्हणजे तळहातात मावणारी रबरी कडी. आत पातळ ओठ, ओठाभोवती बारीक स्प्रिंग. शाफ्ट फिरत राहतो आणि हा ओठ तेल आत धरून ठेवतो. वर्षानुवर्षं इंजिनाची धग खाऊन रबर कडक झालं, की ओठ सुटतो. सील मिळतं किरकोळीत, पण तिथवर पोचायला टायमिंग बेल्ट काढा, पुली काढा, म्हणजे मजुरी भक्कम. काका सील आणायला स्वतः कुर्ल्याला गेले. शेजारी मंडाळ्याच्या भंगारात अख्खं इंजिन मिळेल, पण सील कुणाचं वापरलेलं घ्यायचं नसतं, एवढं तारतम्य त्यांना आहे.

घाटकोपर जोडरस्त्यालगतच्या गॅरेजात ते घडीचं स्टूल, बॅटरी आणि चहाचा थर्मास घेऊन हजर झाले. थर्मास एकट्यापुरता.

"मिस्त्री, पुलीचा मार्क बघितलात?"

"देखा, काका."

"मी परत बघतो."

मार्क चुकला तर व्हॉल्व्ह अवेळी उघडतात, म्हणून काकांनी पुलीवर आणि हेडवर काकूंच्या नेलपॉलिशने ठिपके दिले. मिस्त्रीने जुनं सील उचकटायला पेचकस घातला तेव्हा काकांचा श्वास थांबला. इथली भीती रास्त आहे: शाफ्टवर एक ओरखडा उठला, की नवं सीलही गळणार. ओरखडा उठला नाही. नव्या सीलच्या ओठाला तेल लागलं, ओठ आतल्या बाजूला गेला आणि मिस्त्री मापाची गोटी लावून हलक्या हाताने ठोकू लागला.

"डावीकडे जास्त झालं."

टक.

"आता उजवीकडे."

टक.

"मिस्त्री, डावीकडे म्हटलं होतं मी..."

मिस्त्रीने हातोडी पुढे केली. "लो, आप ठोको."

"छे छे, तो तुमचा विषय."

बेल्ट चढवून इंजिन पान्याने हातानेच दोन फेरे फिरवून पाहतात. काकांनी चार फिरवून घेतले.

आम्ही त्यांना हसतो, पण बेल्टवर तेल पडत राहिलं तर रबर फुगतं, सुटतं, आणि बेल्ट तुटण्यासाठी सहसा वाशी खाडीपुलाचा मध्य निवडतो. आपल्यापैकी बहुतेकांना तेल गळतंय हे तिथे, मागचे हॉर्न ऐकत कळतं. काकांना ते आधी कळलेलं असतं. फक्त ते एकदा सांगून थांबत नाहीत, हीच काय ती अडचण.

पंधरवडाभरात थेंब परत आला. काका पुठ्ठा घेऊन गॅरेजात. मिस्त्री शब्द जुळवत असताना हाताखालच्या पोराने हेड कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारी नळी उपसली. आत गाळाचं बूच. इंजिनातल्या वाफेला वाट नव्हती, म्हणून ती दाबाने सीलमधून तेल बाहेर ढकलत होती. नळी पेट्रोलने धुतली, सील पुन्हा बदललं, गळती थांबली.

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, हिचा श्वास कोंडलाय," काका म्हणाले. ते पहिल्या दिवशी जे जे बोलले ते सगळ्या गॅरेजला पाठ होतं. त्यात हे नव्हतं.

त्यानंतर पुठ्ठा कोराच राहू लागला. काका आठवडाभर चिडचिडे होते. मग एका सकाळी ते सेक्रेटरींच्या नव्याकोऱ्या गाडीखालून बाहेर आले, हातात ओला पुठ्ठा.

"कॅमचं सील. बेल्ट भिजायच्या आत बघून घ्या."

"अहो, हिला बेल्टच नाही, टायमिंग चेन आहे," सेक्रेटरी म्हणाले. "आणि हे एसीचं पाणी आहे."

काकांनी थेंब बोटांत चोळला. हुंगला.

"आज पाणी आहे," ते म्हणाले आणि पुठ्ठ्यावर तारीख घातली.