वहिनींना चावलं ते काय?

अहो, इकडे या जरा. फाटकाला टेकू नका, रंग ओला आहे. ऐकलंत का, कोपऱ्यावरच्या वहिनींचं? न्यू जर्सीहून आल्यापासून 'मला लाइम डिसीज झाला होता' म्हणून सांगत फिरताहेत ना... तर खरी भानगड काल त्यांच्या सासूबाईंनीच फोडली. तीही भर भिशीत!

थांबा, आधीपासून सांगते. जूनमध्ये लेक-जावयानं त्यांना लँकेस्टरला नेलं, अमिश लोक बघायला. आपल्याकडून गेलेल्या आईवडिलांना नेतातच म्हणा तिथं. रविवारी बग्ग्या नि दुकानं बंद, म्हणून जावयानं बिचाऱ्यानं सोमवारची रजा काढलेली. आणि या बाईंचं आल्यापासून नाक वर. 'घरात विजेची तार नाही, दाराशी गाडी नाही, आठवीनंतर शाळा नाही, कसले गं हे मागासलेले!' जावई हळूच म्हणाला, 'आई, आठवीनंतर शाळेत न पाठवण्याचा हक्क त्यांनी 1972 मध्ये सुप्रीम कोर्टातून मिळवलाय.' मग काय, वहिनींनी काकवीच्या त्या शूफ्लाय पायचा दुसरा तुकडा तोंडात घातला. बर्ड-इन-हँडवरून पुढचं गाव लागलं. त्या गावाचं नाव तुम्हाला ठाऊकच आहे, मी काही उच्चारणार नाही. जावयानं म्हणे पाटी मोठ्यानं वाचली आणि सासऱ्यांना एकदम ठसका लागला!

तर काय सांगत होते... हां, फोटो. सोमवार म्हणजे त्यांचा धुण्याचा वार. घरापासून पार उंच खांबापर्यंत कप्पीवरची दोरी, तिच्यावर निळे, जांभळे, हिरवे झगे, मग काळ्या विजारी, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीनं. बग्गीवाल्यानं निघतानाच सांगितलं होतं, माणसांचे फोटो काढू नका, आमच्या धर्मात बसत नाही. वहिनी लेकीला म्हणाल्या, 'कपड्यांचे काढते, कपड्यांना कसला गं धर्म?' पण दोरीखाली एक बाई उभी होती ना! म्हणून या उतरल्यावर मागं फिरल्या नि शेताच्या कडेला, झाडीलगतच्या कमरेएवढ्या गवतात साडी खोचून बसल्या. लपून! लेकीचा चेहरा असा पडला म्हणता...

पुढं आठवडाभर काही नाही. मग गुडघ्यामागं लाल चट्टा. वहिनींनी ठरवलं नायटा, आणि इथून नेलेलं मलम चोळलं. खाज नाही, आग नाही, पण चट्टा वाढतच चाललेला. मधे लाल, भोवती फिकं, पुन्हा लाल कडं, पुरीएवढं झालं हो! त्यात कणकण, मान आखडलेली, सांधे धरलेले. लेक म्हणाली, 'दगदग झाली असेल.' शेवटी ताप चढला तेव्हा अर्जंट केअरला नेलं.

आता गंमत ऐका. डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला, विचारलं, 'गवतात गेला होतात?' वहिनी 'नो, नो' म्हणताहेत आणि जावयानं मोबाइलवरचा तो फोटोच पुढं केला. झालं! रक्तसुद्धा तपासलं नाही. वहिनी भडकल्या, एवढे डॉलर घेतात नि साधी टेस्ट नाही? त्या म्हणाल्या, इतक्या लवकर रक्तात बरेचदा काही दिसतच नाही, हे कडंच पुरेसं आहे. डॉक्सीसायक्लिन सुरू. वर दोन अटी, गोळीबरोबर दूध नको आणि उन्हात फिरणं नको. म्हणजे चहा लांबला आणि नायगारा रद्द. जावयाची तिकिटं काढून झालेली हो, त्याचं तोंड तर...

बिलाचं तर विचारूच नका. आणि ते 'मागासलेले' अमिश, बहुतेक जण असला विमा घेतच नाहीत म्हणे. दवाखान्याचा खर्च आला की सगळा समाज मिळून भरतो. हे जावयानं नेमकं बिल हातात घेऊन सांगितलं. भाऊजी हसले. वहिनी नाही हसल्या.

हां, तर भिशी. वहिनी रंगात आलेल्या, 'रेअर अमेरिकन इन्फेक्शन...' आपल्या डॉक्टरकाकू मधेच म्हणाल्या, 'रेअर कसलं? पेनसिल्व्हेनियात दरवर्षी हजारोंना होतं. 1982 मध्ये बर्गडॉर्फरनं जंतूही शोधला. हरणांच्या अंगावरच्या त्या बारक्या...' आणि काकू थांबल्या, कारण वहिनींनी डोळे वटारले होते. पण सासूबाईंना कुठलं दिसायला! चकली मोडता मोडता त्या म्हणाल्या, 'अगं, गोचीड म्हण की सरळ! आपल्या कपिलेच्या कानात असायची ती. दिवसभर चिकटून होती हिला नि पत्ता नाही!'

सगळ्या चिडीचूप. मग कुणीतरी फसकन हसलं. मी नव्हते हं... बरं, मीच होते.

पण थांबा, अजून आहे. विम्याचा क्लेम अडकलाय. भाऊजींनी अर्जात 'कीटक चावला' असं लिहिलं, तर जावयाचा फोन, 'बाबा, तो कीटक नव्हे, कोळ्याच्या जातीतला, त्याला आठ पाय असतात.' वहिनी म्हणतात, काहीही लिहा पण गोचीड लिहू नका. भाऊजी म्हणतात, मी पायांची संख्या लिहून मोकळा होतो. सकाळपासून त्यांच्याकडे हेच चाललंय, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तर सगळं ऐकू येत असेल की नाही?