खडकीतली भरती : होतकरू पुनर्लेखकांसाठी मार्गदर्शन

पाच नोव्हेंबर जवळ आला की खडकी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक दिसू लागतं. हातात मोबाइल, मोबाइलवर कुणाचा तरी लेख आणि तोंडी एकच मागणी : "हे जरा वेगळ्या शब्दांत टाइप करून द्या." १८१७ साली याच तारखेला इथे पेशवे आणि इंग्रज लढले. त्या लढाईवर स्मरणिकेत, शाळेच्या भित्तिपत्रकावर, प्रोजेक्टच्या वहीत दरवर्षी लेख लागतो. लढाई एकदाच झाली, त्यामुळे लेखही एकदाच लिहिला गेला. बाकीचे सगळे त्याचे अवतार. हा अवतार कसा घ्यावा याचं शास्त्रशुद्ध मार्गदर्शन मराठीत नसल्यामुळे होतकरूंची फार आबाळ होते. म्हणून हा प्रपंच.

आधी शंकानिरसन. दुसऱ्याचं लिखाण आपल्या शब्दांत उतरवलं तर ती चोरी होते का? अशी शंका येणं हे शाळेत लक्ष नसल्याचं लक्षण आहे. पाचवीपासून प्रश्नपत्रिकेत काय छापलेलं असतं? 'तुमच्या शब्दांत लिहा.' आणि तुमचे शब्द कुठे मिळायचे? गाइडात, धड्याच्या शेवटी. वर्गातल्या साठ पोरांचे 'स्वतःचे शब्द' स्वल्पविरामासकट जुळायचे आणि तपासणाऱ्या बाईंना त्यात काही वावगं वाटत नसे. चुकून एखाद्याने खरोखरच स्वतःचे शब्द वापरले तर त्याचा अर्धा मार्क जायचा. एवढी तालीम झालेल्या समाजाला पुनर्लेखनाचा संकोच शोभत नाही. खुद्द खडकीचं नाव इंग्रजांनी 'किर्की' असं पुनर्लिखित करून पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. गावाने कुठे तक्रार केली?

आता कच्चा माल. कुणाचं उचलावं, हा पहिला प्रश्न, आणि त्याला चक्क शास्त्राधार आहे. राजशेखराची 'काव्यमीमांसा' साधारण अकराशे वर्षांपूर्वीची. १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेचं पहिलं पुष्प म्हणून ती छापली गेली. हा राजशेखर आपल्या पणजोबांना महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवतो, तेव्हा माणूस आपल्यातलाच. त्याने शब्द आणि अर्थ उचलण्याच्या विषयाला चांगले तीन अध्याय दिले आहेत. सुरुवातीलाच आचार्य मंडळी कुरकुरतात की हे शिकवायचंच कशाला, इतर चोऱ्या लोक विसरतात, ही नातवंडांपर्यंत चिकटते. त्यावर राजशेखर आपल्या बायकोचं, अवंतिसुंदरीचं मत पुढे करतो. बाईंनी उचलेगिरीच्या सबबींची यादीच दिली आहे. मूळ लेखकाला कुणी ओळखत नाही आणि मला ओळखतात, ही एक. त्याची भाषा कडू गुळवेल, माझी गोड द्राक्षं, ही दुसरी. त्याच्या बोलीला मान नाही. तो दूरदेशी गेला. त्याचं लिखाण माहीत असणारे आता उरले नाहीत. मला विचाराल तर बाई नवऱ्याच्या मित्रमंडळींना टोमणा मारत होत्या. पण मार्गदर्शनपर लिखाणात टोमणे शब्दशः घ्यायचे असतात.

या सगळ्या अटींत चपखल बसणारा लेखक म्हणजे ग्रँट डफ. परदेशी, १८५८ साली वारलेला, आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांचा, म्हणजे मुळात जाऊन ताडून बघण्याची कुणाची छाती नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याचा हक्क चालतो. तो हिशेब लावला तर डफ केव्हाच मोकळा झाला. तो अख्खा छापलात तरी कोर्टाचं समन्स येणार नाही. येथे काही नवशिके गफलत करतात. हक्क संपला म्हणजे आता हे कुणीही छापू शकतं, असा अर्थ. हे आता मी लिहिलं, असा त्याचा अर्थ होत नाही. पण एवढ्या बारकाव्यात शिरलो तर धंदा बसेल.

माल ठरला की शब्द बदलायला घ्या. 'सैन्य' दिसलं की 'सेना', 'सेना' दिसली की 'फौज'. घोडदळाचं अश्वदल करा. हा टप्पा हल्ली मशीन चुटकीसरशी करून देतं. फक्त त्याच्यावर नजर ठेवा, नाहीतर गणेशखिंडीचा गजाननघाट होतो, जरीपटक्याचं सोनेरी तारांचं कापड होतं आणि बापू गोखले 'पिताश्री गोखले' म्हणून रणांगणात उतरतात. हसू नका. फ्रान्समधल्या गियोम काबानाक नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली शास्त्रीय नियतकालिकांतून असली रत्नं पोत्याने वेचली. कृत्रिम बुद्धिमत्तेची तिथे 'बनावट शुद्ध' झाली होती आणि स्तनाच्या कर्करोगाचा 'उराचा धोका'. ते लेख मोठमोठ्या प्रकाशनांतून छापून आले होते, त्यामुळे खडकीच्या स्मरणिकेने वाईट वाटून घेऊ नये.

राजशेखराने या प्रकाराला सुंदर नाव ठेवलं आहे : प्रतिबिंबकल्प. आशय सगळाच्या सगळा तोच, फक्त वाक्यांची मांडणी निराळी. आरशातली छबी. कवीने हे टाळावं असं तो सांगतो. पण आपण कुठे कवी आहोत!

यापुढचा टप्पा सगळ्यांत अवघड. लेखातलं काय सगळ्यांचं आणि काय एकट्याचं, हे ओळखता आलं पाहिजे. लढाईची तारीख सगळ्यांची. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले, इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन, पर्वतीवरून लढाई पाहणारा दुसरा बाजीराव, हे सगळ्यांचे. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून ८६, हा आकडाही कुणाच्या बापाचा नाही. हे खुशाल घ्या. घोटाळा होतो तो पुढे. ग्रँट डफ त्या दिवशी स्वतः इथे हजर होता. पेशव्यांची फौज चालून येताना त्याने डोळ्यांनी पाहिली आणि ते दृश्य सांगताना त्याला आठवली खंबायतच्या आखातातली भरती, गर्जत येणारी ती पाण्याची भिंत. ही उपमा त्याची एकट्याची. कारण तो ते दोन्ही पाहून आला होता.

आता आपला पुनर्लेखक. त्याने खंबायत पाहिलेलं नाही. समुद्र पाहिला तो अलिबागला, सहलीत, तोही ओहोटीच्या वेळी. पण लेखात फौज येते ती 'महासागराच्या प्रचंड लाटेप्रमाणे'. शब्द सगळे बदलले आहेत हो! आखाताचा महासागर झाला, भरतीची लाट झाली. तरीही सह्याद्रीच्या अलीकडे, मुळेच्या काठी, जिथे पाऊस सोडला तर पाणी म्हणून काही अंगावर येत नाही, तिथे ही लाट आली कुठून, हे ज्याला कळायचं त्याला लगेच कळतं. खडकीत भरती म्हणजे बॉम्बे सॅपर्सची. पहाटे रस्त्याने धापा टाकत पळणारी पोरं. इथल्या माणसाने स्वतःच्या डोक्याने उपमा शोधली असती तर ती तिथे सापडली असती. म्हणून मार्गदर्शनाचा नियम असा : तारखा ठेवा, उपमा काढून टाका. उपमा काढल्यावर लेखात काहीच उरत नाही असं दिसलं, तर तो लेख तुमचा नव्हता.

कायद्याची बाजूही पाहून ठेवावी. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आर. जी. आनंद या नाटककाराचं प्रकरण आलं. त्यांचं 'हम हिंदुस्तानी' नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा चित्रपट यांत साम्य असल्याची त्यांची तक्रार होती. न्यायालय म्हणालं, कल्पनेवर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर, अभिव्यक्तीवर. दोन्ही पाहिल्यावर सामान्य प्रेक्षकाला ही सरळ नक्कल वाटते का, ते पाहायचं. आनंद हरले. हा निकाल वाचून पुनर्लेखकांच्या गोटात पेढे वाटायला हरकत नाही. मात्र पेढे गणेशखिंडीच्या पलीकडे नेऊ नका. तिथे विद्यापीठ आहे आणि विद्यापीठाला वेगळा कायदा लागतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली म्हणते की दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून दाखवणं म्हणजे वाङ्मयचौर्य. लक्षात घ्या, कल्पनासुद्धा. न्यायालयाने सोडलेलं आयोगाने पकडलं. शिक्षेला मात्र टक्क्यांचं कोष्टक आहे. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. त्यापुढे ४० पर्यंत प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. ६० पर्यंत वर्षभर थांबायचं. ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाने आलेलं साम्य मोजायचं नाही, अशीही सवलत आहे. तेव्हापासून प्रबंधाचा दर्जा विचारला की विद्यार्थी आकडा सांगतो : "माझं नऊ आलंय." शुगर सांगावी तसं. सॉफ्टवेअर शब्द मोजतं. कल्पना मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. त्यामुळे सगळं बळ चौदाव्या शब्दानंतर एक शब्द बदलण्यावर खर्च होतं. एवढ्या मेहनतीत माणूस मूळ पुस्तक वाचून काढेल.

आता नामोल्लेख. मूळ लेखकाचं नाव न घेता ऋण मानण्याची मराठीत जेवढी सोय आहे तेवढी क्वचितच कुठे असेल. 'जाणकार सांगतात' हे सर्वांत सुरक्षित. 'असे म्हटले जाते' यात म्हणणारा आपोआप गळतो. 'संकलन' हा शब्द तर आपल्या पिढीची देणगी आहे. लेखाखाली 'संकलन' लिहून पुढे ठळक अक्षरांत स्वतःचं नाव टाकायचं. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर मूळ नाव पुसून 'लेखक अज्ञात' करावं आणि खाली 'आवडल्यास नावासह पुढे पाठवा' ठेवून द्यावं. फारच टोचणी लागली तर 'साभार : इंटरनेट'. हे म्हणजे दागिना चोरून 'साभार : लक्ष्मी रोड' लिहिण्यासारखं झालं, पण चालतं. एक सबब मात्र कटाक्षाने टाळा : 'माझ्याकडची संदर्भांची कागदपत्रं नष्ट झाली.' खडकीच्या लढाईत ही सबब एकाच माणसाला शोभते. एल्फिन्स्टनची संगमावरची रेसिडेन्सी त्या दिवशी खरोखरच पुस्तकांसकट जळाली.

काही वाईट उदाहरणांपासून दूर राहायला हवं. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, पुलंनी शॉच्या 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली, आणि मूळ कुठलं हे लपवलं नाही. फुलराणी मराठी मातीत अशी रुजवली की शॉचं नाव घेऊनही पुलंचं काही कमी झालं नाही. असं केल्याने लोकांना वाईट सवयी लागतात. नीलकंठ जनार्दन कीर्तने तर आणखी पुढचे. ऐन तरुणपणी, १८६८ मध्ये, त्यांनी हाच ग्रँट डफ घेतला आणि त्याचे शब्द बदलायचे सोडून त्याचं नाव घेऊन त्याच्याशी भांडण काढलं : इथे चुकलास, हे पाहिलं नाहीस. राजवाड्यांनी तर कहर केला. डफ पुरेना म्हणून गावोगाव हिंडून जुनी दप्तरं धुंडाळली आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. एकाने एवढं केल्यावर बाकीच्यांनी पुनर्लेखन करायचं कुठल्या तोंडाने? अशा लोकांमुळे आमच्या व्यवसायाचं फार नुकसान झालं.

आता एक अनुभव, केवळ विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी. काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत मी याच लढाईवर लिहिलं होतं. माझे आजोबा अम्युनिशन फॅक्टरीत होते. कारखाना १८६९ चा, आजोबा अर्थातच त्यानंतरचे. त्यांचं सगळं आयुष्य भोंग्यावर चालायचं. लढाईची गोष्ट सांगताना ते म्हणायचे, "दुपारी चारच्या सुमारास सुरू झाली आणि अंधार पडायच्या आत आटोपली. अरे, सेकंड शिफ्टसुद्धा पुरी भरली नाही, आणि राज्य गेलं." हे मी लेखात घातलं. लेखातलं बाकी सगळं डफचं, गॅझेटियरचं आणि इतरांचं होतं, आणि तसं मी लिहिलंही होतं. माझं म्हणावं असं तेवढं एकच वाक्य होतं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका स्मरणिकेत वाचलं : 'प्रस्तुत लेखकाचे पितामह दारूगोळा निर्माणीत सेवेस होते. ते सांगत, द्वितीय पाळीही पूर्ण न होता साम्राज्य लयास गेले.' मी लेखकमहाशयांना फोन केला. गृहस्थ अतिशय नम्र. म्हणाले, "अहो, माहिती काय, सगळ्यांचीच असते."

"पण आजोबा माझे आहेत," मी म्हणालो.

"शब्द बदललेत ना सगळे? चेक करून घ्या. नऊ टक्क्यांच्या आत आहे."

मी चेक केलं. सात टक्के निघालं.

तर होतकरू मित्रांनो, यंदाच्या पाच नोव्हेंबरला हा लेख तुमच्या हाती लागलाच तर संकोच करू नका. सबबी अवंतिसुंदरीच्या आहेत, भरती ग्रँट डफची, टक्के आयोगाचे. त्यांना विचारून किंवा त्यांचं नाव घालून न्या. माझे विनोद 'लेखक अज्ञात' म्हणून फिरवलेत तरी चालेल. आजोबा तेवढे परत करा.