हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

सौदीतल्या खफजी गावच्या आमच्या ऑफिसात भर जुलैत निम्मी माणसं स्वेटर घालून बसतात. एसी 18 वर, बिल कंपनीचं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कुणाचं काय जातं! हीच माणसं घरी गेली की 24 च्या खाली उतरत नाहीत. 2018 च्या जानेवारीत सौदीत घरगुती विजेचा सर्वांत खालचा दर युनिटला 5 हलालांवरून 18 वर गेला, तेव्हापासून घरोघरी पर्यावरणाची काळजी वाढली. ऑफिसात यायला मात्र तिला रजा मिळत नाही.

भिंतीवर ‘पृथ्वी वाचवा’ आहेच. रंगीत, प्लास्टिकच्या वेष्टनात.

तसं पर्यावरणाच्या नावाने सगळ्यात मोठं बटण याच गावात बंद झालंय. ऑक्टोबर 2014 मध्ये खफजीचं समुद्रातलं तेलक्षेत्र थांबलं, दिवसाला पावणेतीन-तीन लाख पिंपांचं. कारण सांगितलं गेलं हवेच्या प्रदूषणाच्या नियमांचं. क्षेत्र सौदी आणि कुवेतच्या भागीदारीतलं. जाणकार गालात हसले, कारण बांधावरून बिनसलेला भाऊही सामाईक विहिरीची मोटर असंच काहीतरी कारण सांगून बंद करतो. डिसेंबर 2019 मध्ये समझोता झाला, पुढच्या वर्षी तेल वाहू लागलं. हेतू काहीही असो, धूर तेवढी वर्षं कमी झाला, हे मी हेतूंच्या शुद्धतेबद्दल फार कटकट करणाऱ्यांना ऐकवतो.

आमच्यात खरा पर्यावरणवादी एकच, लातूरकर. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं लातूर हे त्याचं गाव. इथे समुद्राचं पाणी गोडं करणारा, सौरऊर्जेची जोड असलेला, दिवसाला 60 हजार घनमीटरचा प्रकल्प आहे, हे त्याला सांगून उपयोग नाही. गळका नळ दिसला की तो बोलत नाही, नुसता जाऊन पिळतो. हळूहळू मल्याळी पिळू लागले, मग फिलिपिनो. अमेरिकेतल्या एका हॉटेलात मानसशास्त्रज्ञ सियाल्दिनी आणि सहकाऱ्यांना हेच दिसलं होतं (2008 चा अभ्यास): ‘पर्यावरण वाचवा’ या पाटीपेक्षा ‘या खोलीतल्या बहुतेकांनी टॉवेल पुन्हा वापरला’ ही पाटी जास्त चालली. पृथ्वी लांब असते, शेजारी जवळ.

साहेब तर त्याहून जवळ. त्यांनी मीटिंगला घरून थर्मास आणायला सुरुवात केली आणि पंधरवड्यात टेबलावर थर्मासचं प्रदर्शन भरलं. प्लास्टिकच्या बाटल्या कपाटात गेल्या. परवा साहेब थर्मास विसरले. शिपायाने बाटल्या मांडल्या मात्र, लातूरकर सोडून सगळ्यांना एकदम तहान लागली.